गुण, दोष आणि अकरा पावलं

१

हेडफोनची परीक्षा कशी घ्यायची हे मला कोणी शिकवू नये. अठरा वर्षं रेडिओच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काढली आणि त्यानंतरची दहा वर्षं ही परीक्षणंच लिहितोय. माझी पद्धत ठरलेली आहे. साधी शाळेची वही, पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे गुण, उजवीकडे दोष. एखादी गोष्ट तीनदा अनुभवाला आल्याशिवाय वहीत चढत नाही. कंपनीचं पत्रक मी उघडतही नाही, कारण तिथे आपला तो बाब्याच असतो. वाचक मला खडूस म्हणतात, पण विकत घ्यायच्या आधी माझंच परीक्षण वाचतात.

त्या आठवड्यात आलेला हेडफोन बाजारातल्या सर्वांत महागड्या तीन-चारांपैकी होता. बिनतारी, कान पूर्ण झाकणारा आणि बाहेरचा गोंगाट मारणारा. पहिल्या दिवशी मी व्हॅक्यूम क्लीनर पायाशी चालू ठेवून खुर्चीत बसलो आणि बटण दाबलं. क्लीनरची नळी थरथरताना दिसत होती, तळपायाला जमीन हलताना कळत होती, पण आवाज नाही. मग मिक्सर लावला, मग पंखा. सगळ्यांची बोलती बंद.

गुणांची बाजू भराभर वाढली. वजन हलकं, गाद्या मऊ, एकदा चार्ज केला की तीस तास चिंता नाही. झांजेचा आवाज झांजेसारखाच येतो, पत्र्यासारखा नाही. दोषही होते. तासाभराने कान शिजल्यासारखे होतात. घडी होत नाही, त्यामुळे डबा जेवणाच्या डब्याएवढा. स्पर्शावर चालणारी बटणं तर इतकी लाडावलेली, की डोकं खाजवलं तरी गाणं बदलतं. एकूण मामला मला आवडला होता. दहापैकी साडेआठ, असं मी मनात धरूनही टाकलं होतं.

२

दुपारी घरात आम्ही दोघंच असतो, आई आणि मी. धाकटी बहीण दातांची डॉक्टर, ती सकाळीच दवाखान्यात जाते. आई दीड महिन्यापूर्वी पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, सळई बसली. घरी सोडताना सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकटीला उठू द्यायचं नाही. पुन्हा पडल्या तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही, हे स्पष्ट सांगतो."

बहिणीने तेव्हा माझ्याकडे बघितलं होतं. "दादा, तू कानात ती भांडी घालून बसणार. आईने हाक मारली तर ऐकू येणार आहे का तुला?"

मी तिला उत्तर दिलं नाही, करून दाखवलं. आईच्या उशाशी एक बटण बसवलं. ते दाबलं की माझ्या टेबलावर लाल दिवा लागतो. ऐकण्याचा प्रश्नच मिटला. आईला तो दिवा फार आवडला. पहिल्या दिवशी तिने मला नुसतं 'लागतो का रे?' हे विचारायला चौदा वेळा बोलावलं.

घर आमचं सरळ रेषेत आहे. बाहेरचं दार, त्याला लागून माझी खोली, मग लांबट बोळ आणि बोळाच्या शेवटी आईची खोली. चौथा मजला, सगळ्यांत वरचा. आमच्या डोक्यावर नुसती गच्ची. दोन ते चार आई झोपते, बोळ शांत असतो आणि शांततेची परीक्षा मी त्याच वेळेत घेतो. म्हणजे गोंगाट मारायचं बटण चालू करायचं, गाणं काहीच लावायचं नाही आणि वीस मिनिटं नुसतं बसायचं. चांगल्या हेडफोनातही एक बारीक सूं आवाज असतो. तो किती आहे ते असंच बसून कळतं.

मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी सूं आवाज जवळजवळ नाही असं मी ठरवत होतो, तेवढ्यात कोणीतरी चालत आलं.

३

पावलं बाहेरच्या दाराकडून सुरू झाली, माझ्या खोलीवरून गेली आणि आईच्या खोलीपाशी थांबली. सवयीने मी मोजली. अकरा. सावकाश, टाच नीट टेकवून टाकलेली, घाई नसलेल्या माणसाची.

बहीण लवकर आली असं वाटून मी हेडफोन काढला. बोळात कोणी नव्हतं. दाराला आतून कडी आणि साखळी दोन्ही होत्या. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, वॉकर कोपऱ्यात आणि चपला पलंगाखाली जागच्या जागी. मी परत येऊन बसलो. वहीत काही लिहिलं नाही, कारण एकदा झालेली गोष्ट झालेली नसते.

बुधवारी त्याच वेळेला पुन्हा अकरा. या वेळी मी डोळे मिटून, हेडफोन डोक्यावर ठेवून बटण बंद केलं. पावलं गेली. चालू केलं, आली. बंद केलं, गेली. भूत असतं तर त्याने माझ्या बटणाचं का ऐकलं असतं? मला मनापासून हसू आलं आणि बरंही वाटलं. दोष यंत्रात होता, आणि यंत्रातला दोष सापडला की मला सुतारपक्ष्याला पोकळ खोड सापडल्यासारखा आनंद होतो.

गुरुवारी तिसऱ्यांदा ऐकली आणि उजव्या बाजूला लिहिलं: 'गोंगाट मारताना पावलांसारखा आवाज येतो. अकरा ठोके. रोज एकाच वेळी.'

लिहून झाल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. अकरा पावलं झाल्यावर ती पूर्वीही थांबत, पण त्या दिवशी मी पुढेही ऐकत राहिलो. चार-पाच मिनिटांनी ती पुन्हा सुरू झाली, आईच्या खोलीच्या आत. आता फार हळू, एक टाकायचं, थांबायचं, मग दुसरं. रुग्णाला हाताला धरून चालवणारा माणूस तसा चालतो.

हे मी लिहिलं नाही. हे एकदाच ऐकलं होतं.

४

"काल खिडकीपर्यंत नेलंस ते छान झालं हो," शुक्रवारी सकाळी चहा पिताना आई म्हणाली. "किती दिवसांनी रस्ता पाहिला."

"मी कुठे नेलं?"

"मग कोणी, शेजाऱ्याने?" आई हसली. "पण चालताना तू बोलत का नाहीस रे? एरवी तुझं तोंड बंद करायला टाका घालावा लागतो."

वेदनेच्या गोळ्यांनी थोडा गोंधळ होईल, स्वप्न आणि खरं यांची सरमिसळ होईल, असं सर्जनने आधीच सांगून ठेवलं होतं. मी बहिणीला फोन करून तेवढं कळवलं. ती म्हणाली, गोळी अर्धी करू.

त्याच सकाळी व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या. आठवड्यातून दोनदा येतात, कडक शिस्तीच्या. त्यांनी आईला उभं केलं, दोन पावलं टाकायला लावली आणि माझ्याकडे वळल्या. "अरे वा! तुम्ही रोज सराव घेताय वाटतं. धरताही अगदी बरोबर, कोपराखाली. आजींना आता हाताची सवय झालीय, बघा कसा आपोआप पुढे करतात."

आईचा डावा हात खरंच कोपरात वाकून पुढे आला होता.

मी म्हणालो, "हो, थोडाफार घेतो."

खोटं बोलायचं कारण नव्हतं. पण कौतुक आयतं दारात आलं होतं, आणि ते परत पाठवायचं म्हणजे बाईंना काहीतरी समजावत बसायचं. आज त्या एका वाक्याची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात कशाचीच वाटत नाही.

५

माझ्या टेबलावर एक रबरी डोकं आहे. त्याच्या कानांच्या भोकांत मायक्रोफोन बसवलेत. हेडफोन त्याला घातला की माझ्या कानाला काय ऐकू येतं ते जसंच्या तसं टिपता येतं. बहीण त्याला रावसाहेब म्हणते. शुक्रवारी दुपारी मी हेडफोन रावसाहेबांना घातला, शेजारी टेबलावर दुसरा उघडा मायक्रोफोन ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसलो, म्हणजे माझ्या मनाचा खेळ म्हणायला जागा उरू नये.

रावसाहेबांच्या कानात अकरा पावलं आली. टेबलावरच्या मायक्रोफोनमध्ये नुसती दुपार होती. लांबवर एक मोटार आणि नळाचा एक थेंब.

मी दोन्ही ध्वनिमुद्रणं कंपनीला पाठवली. तासाभरात त्यांच्या इंजिनियर बाईंचा फोन आला. आवाजावरून तिशीच्या आतल्या, पण हुशार. इंजिनियर आणि परीक्षक यांच्यात सापमुंगसाचं नातं असतं, तरी माझं त्यांच्याशी लगेच जमलं.

"सर, गोंगाट कसा मरतो ते तुम्हाला सांगायला नकोच," त्या म्हणाल्या. "बाहेरून आवाजाची लाट आली की हेडफोन तिच्या बरोबर विरुद्ध लाट सोडतो. दोन्ही एकमेकींवर आदळतात आणि शांत होतात."

"बरोबर."

"तुमच्या ध्वनिमुद्रणात आहे ती ही विरुद्ध लाट. हेडफोनने काहीतरी ऐकलं आणि ते मारायला लाट सोडली. पण जे मारायचं ते तुमच्या कानापर्यंत आलंच नाही. म्हणून तुम्हाला नुसतं मारणाऱ्याचंच ऐकू आलं."

"पण मग त्याने ऐकलं काय?"

"तेच आम्हाला कळत नाहीये, सर. बाहेरचे मायक्रोफोन जरा जास्तच तिखट कानांचे झालेत एवढं खरं. तुम्ही काळजी करू नका. ज्याला खरा आवाज नाही अशा गोष्टीकडे लक्ष द्यायचं नाही, असं आम्ही त्याला शिकवतो. उद्या नवं सॉफ्टवेअर पाठवते."

इतकं झटपट आणि इतकं सरळ उत्तर मला दहा वर्षांत कोणत्या कंपनीने दिलं नव्हतं. मी त्यांचे आभार मानले. आपल्या तक्रारीवरून हजारो लोकांच्या कानातला एक दोष जाणार, या विचाराने त्या दिवशी मी जरा ताठच चाललो.

६

शनिवारी नवं सॉफ्टवेअर हेडफोनात गेलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली. काही नाही. इतकी स्वच्छ शांतता, की स्वतःच्या गिळण्याचा आवाज मोठा वाटावा. वहीत लिहायला हात शिवशिवत होता, पण नियम म्हणजे नियम. दुरुस्ती झाली असं म्हणायलाही तीन दिवस हवेत.

रविवारी बहीण घरी होती, म्हणून तो दिवस धरला नाही. त्या दुपारी आई मुळी उठलीच नाही. सोमवारी मी पुन्हा बसलो. शांतता. संध्याकाळी आईच्या गालांवर चांगली लाली होती.

"आज बाहेरच्या दारापर्यंत गेलो," ती जेवताना म्हणाली. "उद्या जिना बघू."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गोळी अर्धी झाली होती, तरी गोंधळ राहिला होता. बहीण आईला म्हणाली, "जिना वगैरे काही नाही हं. पडलीस तर?"

"मी कशी पडेन? धरलेलं असतं मला."

रात्री मी तिच्या उशाशी बसून विचारलं, "आई, उठावंसं वाटलं तर बटण का दाबत नाहीस?"

"तू आलेला असतोसच की," आई म्हणाली. "आलेल्याला काय बोलवायचं?"

मला भीती वाटली, हे मी मान्य करतो. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत बसून राहावं असंही वाटलं. पण मी माणूस हिशेबी. दाराला साखळी, वॉकर कोपऱ्यात, दिवा टेबलावर. आणि हेडफोनात आता काहीही नव्हतं, हे मी माझ्या कानांनी दोनदा ऐकलं होतं. तिसरा दिवस तेवढा उरला होता.

७

मंगळवारी मी माझ्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं, खुर्ची बोळाच्या दिशेने वळवली, दिव्यावर एक डोळा ठेवला आणि हेडफोन चढवला. तीन वाजायला आले तरी काही झालं नाही. मी वही ओढली आणि डाव्या बाजूला लिहायला घेतलं: 'कंपनी तक्रारीची दखल तत्परतेने घेते. पावलांचा आवाज आता पूर्णपणे'

वर पाहिलं तेव्हा आई माझ्या दारावरून चालली होती.

वॉकर नव्हता. पायात रबरी तळाचे मोजे. ती ताठ चालत होती आणि तिचा डावा हात कोपरात वाकून पुढे आला होता. गाऊनची बाही कोपराखाली चार ठिकाणी दबली होती, आणि पाऊल पडेल तसा तो दाब घट्ट होई, सैल होई. आई डावीकडे मान वळवून काहीतरी बोलत होती. मग हसली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. हेडफोन अप्रतिम काम करत होता.

मी तो काढून फेकला आणि धावलो. साखळी लोंबकळत होती, दार उघडं होतं. आई उंबरठ्यापलीकडे जिन्याच्या कडेवर उभी होती आणि खाली चौदा पायऱ्या होत्या. मी तिचा उजवा हात पकडला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा गोंधळला.

"अरे, तू इकडे आहेस?"

मी तिला आत ओढलं. पलीकडून तितक्याच जोराने ओढ आली. राग नव्हता त्या ओढीत. माझ्यासारखीच होती, आई माझी आहे असं म्हणणारी. तिच्या कमरेत पीळ पडला, ऑपरेशनच्या बाजूला. आईचे डोळे पाण्याने भरले.

"दुखतंय रे," ती म्हणाली. "कोणीतरी एक सोडा."

ओढत राहिलो तर सळई सुटणार, हे मला कळत होतं. आयुष्यात निर्णय घ्यायला मला कधी वेळ लागला नाही, तेव्हाही लागला नाही. मी सोडलं.

त्याच क्षणी तिच्या डाव्या बाहीवरचे चारही दाब सपाट झाले. त्यानेही सोडलं होतं.

आई पुढे कोसळली. मी झेप घेतली, गुडघे पायरीवर आपटले, दोन्ही हात तिच्या काखांत गेले आणि माझं कपाळ कशावर तरी जोरात आदळलं. समोर काहीच नव्हतं. पण जे आदळलं ते हाडासारखं टणक होतं, आणि तेही माझ्यासारखंच वाकलेलं होतं.

आई पायरीवर पोचली नाही. वीतभर वर तिरकी राहिली. तिचं वजन बावन्न किलो आहे, गेल्याच आठवड्यात केलं होतं. माझ्या हातांवर त्यातलं निम्मंही नव्हतं. तिच्या खुब्याखाली, तोल गेला तर जिथे आधार द्यायचा असं व्यायामाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं बरोबर तिथेच, गाऊन दहा बोटांनी आत दबला होता.

मी तिला वर घ्यायला पाहिलं. ती हलली नाही, नुसती कण्हली. मी थांबलो, तशी पलीकडचीही बोटं थांबली. माझ्या तोंडासमोर हातभरावर कोणीतरी धाप टाकत असावं, कारण आईच्या कपाळावरचे केस मागे जात होते, पुढे येत होते, आणि वारा अजिबात नव्हता. मी हाका मारल्या. खालच्या दोन्ही घरांतली माणसं कामाला गेलेली. फोन टेबलावर.

आईने डोळे उघडले. तिचा आवाज बारीक होता, पण आमच्या लहानपणी भांडणं सोडवताना असायचा तसाच ठाम.

"आता दोघांनीही सोडू नका," ती म्हणाली.

बहीण सव्वासहाला येते. तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.